‘ठाकूर’ : एक शब्द, अनेक जाती
(व्याख्यानाचा मजकूर)



आपल्याकडे नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न नावाचा आणि दुसरा आडनावाचा. नाव सांगितले की समोरचा मान डोलावतो, पण त्याचे समाधान होत नाही. “आडनाव काय म्हणालात?” असे तो पुन्हा विचारतो. हा प्रश्न आडनावासाठी नसतो, हे आपणांस समजावून सांगावयास नको. विचारणाऱ्याला जात हवी असते आणि ती उघड विचारण्याची त्याला लाज वाटते, एवढेच. आडनाव कळले म्हणजे जात कळली, हा समज आपल्या देशात इतका रुजलेला आहे की घरमालकापासून मास्तरापर्यंत आणि कचेरीतील कारकुनापर्यंत सारे त्यावर विसंबून असतात. आणि खेदाची गोष्ट अशी की, आपलेही बरेच लोक विसंबून असतात.

हा समज किती पोकळ आहे हे दाखविण्यासाठी मी आज एकच आडनाव घेणार आहे : ठाकूर. ते मुद्दाम घेतले आहे. ते आपल्या समाजात फारसे नाही, म्हणून त्याच्याकडे आपण अलिप्तपणे पाहू शकतो. आणि या एका शब्दावर महाराष्ट्रातील न्यायालयांचा जितका वेळ खर्ची पडला, तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या आडनावावर पडला असेल.

मूळ शब्द ‘ठक्कुर’. तो उत्तरकालीन संस्कृतात आढळतो. तो तेथे कोठून आला याविषयी पंडितांत एकमत नाही. अर्थ धनी, स्वामी, मालक. आणि त्यावरून देव. बाराव्या शतकात कल्हणाने ‘राजतरंगिणी’ लिहिली, तीत काश्मीरचे लहानसहान सरदार ‘ठक्कुर’ म्हणून येतात. चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीला अलाउद्दीन खलजीच्या पदरी एक जैन अधिकारी होता, त्याचे नाव ठक्कुर फेरू. नाणी, रत्ने आणि गणित यांवर त्याने ग्रंथ लिहिले. तो क्षत्रिय नव्हता की ब्राह्मण नव्हता. व्यापारी जैन होता. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीच हा शब्द एका जातीचा उरलेला नव्हता. तो मानाचा शब्द होता, आणि मान ज्याच्या वाट्याला आला किंवा ज्याने तो घेतला, त्याच्या नावापुढे तो बसला.

उत्तर प्रदेशात आज आपण गेलात आणि ‘ठाकूर’ म्हणालात, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रजपूत जमीनदार उभा राहतो. प्रेमचंदांची ‘ठाकूर का कुआँ’ ही १९३२ सालची कथा आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. आजारी नवऱ्यासाठी घोटभर स्वच्छ पाणी काढावयास रात्रीच्या अंधारात ठाकुराच्या विहिरीवर जाणारी अस्पृश्य बाई, आणि दार उघडल्याचा आवाज येताच दोर सोडून पळणारी तीच बाई. ही कथा प्रसिद्ध होण्यापूर्वी पाच वर्षे, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या तळ्यावर काय घडले होते ते मी आपणांस सांगण्याचे कारण नाही. त्या कथेत ‘ठाकूर’ या शब्दाला दुसरा अर्थच नाही : ज्याच्या मालकीची विहीर तो ठाकूर.

पण तेथून गंगा ओलांडून बिहारात या. तेथे कर्पूरी ठाकूर भेटतात. १९२४ साली समस्तीपूरजवळच्या खेड्यात नाभिकाच्या घरी जन्मलेले, दोन वेळा बिहारचे मुख्यमंत्री झालेले, आणि १९७८ साली मागासवर्गीयांसाठी राज्यात राखीव जागा अंमलात आणताना शिव्याशाप खाल्लेले. १९८८ साली ते निवर्तले. २०२४ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. ‘बिदेसिया’ नाटकाचे कर्ते भिखारी ठाकूर हेही नाभिकच. हिंदी मुलखात न्हाव्याला आदराने ‘नाऊ ठाकूर’ म्हणतात. आपण स्वयंपाक्याला ‘महाराज’ म्हणतो तसेच ते. त्याच बिहारच्या मिथिला भागात मैथिली कवी विद्यापती ठाकूर आणि दरभंग्याच्या राजघराण्याचे मूळपुरुष महेश ठाकूर होऊन गेले. ते दोघेही ब्राह्मण. एकाच प्रांतात ब्राह्मण ठाकूर, रजपूत ठाकूर आणि नाभिक ठाकूर. आडनावावरून जात ओळखणाऱ्या गृहस्थाने येथे काय ओळखावे?

आणखी पूर्वेस बंगाल. तेथे ठाकूर म्हणजे देव. देवघराला ‘ठाकुरघर’ म्हणतात. आजोबांना ‘ठाकुरदा’ म्हणतात, आणि श्रीमंताघरच्या ब्राह्मण आचाऱ्यालाही ‘ठाकूर’ अशीच हाक मारतात. रवींद्रनाथांच्या घराण्याचे मूळ आडनाव कुशारी. त्यांचा पूर्वज कलकत्त्याजवळ गोविंदपूरला येऊन राहिला, तेथल्या कोळी-मच्छीमारांत तोच एक ब्राह्मण. ते त्याला ‘ठाकूरमोशाय’ म्हणू लागले. बंदरावर येणाऱ्या इंग्रजांनी ते आडनावच समजून घेतले आणि आपल्या जिभेला वळेल तसे ‘टागोर’ केले. गंमत पाहा : ज्या घराण्याला हा मान मिळाला, ते मुसलमानांच्या संसर्गाने बाटलेले ‘पिराली’ ब्राह्मण म्हणून इतर ब्राह्मणांच्या पंक्तीला चालत नव्हते. कोळ्यांच्या दृष्टीने देव, आणि ब्राह्मणांच्या दृष्टीने बाटगे.

परंतु बंगालमधील ज्या ठाकुरांची आपण ओळख करून घेतली पाहिजे, ते रवींद्रनाथ नव्हेत. ते हरिचाँद ठाकूर. १८१२ साली पूर्व बंगालच्या फरीदपूर जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला. ज्यांना सरकारी दप्तरात आणि लोकांच्या तोंडी ‘चांडाळ’ म्हणत, त्या जातीत. घरचे आडनाव विश्वास. त्यांनी मतुआ पंथ काढला. त्यांच्या अनुयायांनी त्यांना ‘ठाकूर’ म्हटले, आणि ते घराणे पुढे ठाकूरच झाले. त्यांचे पुत्र गुरुचाँद यांनी ओढाकांदी या गावी, मीड नावाच्या ऑस्ट्रेलियन मिशनऱ्याच्या साहाय्याने शाळा उभी केली आणि आपल्या लोकांना शिक्षणाचा ध्यास लावला. १९११ च्या खानेसुमारीत ‘चांडाळ’ हे नाव जाऊन ‘नमःशूद्र’ हे नाव आले, ते या चळवळीचे फळ. याच समाजातील जोगेंद्रनाथ मंडल यांच्या खटपटीने १९४६ साली बाबासाहेब बंगालमधून घटना समितीवर निवडून गेले. मुंबई इलाख्याने ज्यांना दार लावून घेतले होते, त्यांना बंगालच्या नमःशूद्रांनी आत नेले. गुरुचाँदांचे नातू प्रमथरंजन ठाकूर हेही त्या घटना समितीत होते; ते काँग्रेसतर्फे आले होते, तो भाग निराळा.

येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. रजपूत ठाकुराला हा शब्द जमिनीने दिला, ब्राह्मण ठाकुराला पूजेने दिला. हरिचाँदांना तो त्यांच्याच माणसांनी दिला. ज्या समाजाला कोणी ‘अहो’ म्हणत नव्हते, त्याने आपल्यातल्या एकाला धन्याचा आणि देवाचा शब्द दिला. अक्षरे तीच, पण अर्थ उलटा. आडनावाचा असा उपयोग मला फार मोलाचा वाटतो. आणि कोणी याला वरच्यांची नक्कल म्हणेल, तर त्याच्याशी मी वाद घालीन.

गुजराथकडे हाच शब्द ‘ठाकोर’ होतो. काठेवाडच्या संस्थानिकांना ‘ठाकोरसाहेब’ ही पदवी होती. १९३९ साली राजकोटच्या ठाकोरसाहेबांविरुद्ध गांधीजींनी उपवास केला तो प्रसिद्धच आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, तेथील सुधारणा समितीत अस्पृश्यांचाही प्रतिनिधी असावा म्हणून बाबासाहेब राजकोटला जाऊन ठाकोरसाहेबांना भेटले, हे तितकेसे प्रसिद्ध नाही. उत्तर गुजराथेत मात्र ‘ठाकोर’ म्हणजे कोळी समाज, आणि तो मागासवर्गात मोडतो. लोहाणा व्यापाऱ्यांत ‘ठक्कर’ हे आडनाव. हरिजन सेवक संघाचे चिटणीस अमृतलाल ठक्कर, म्हणजे ठक्कर बाप्पा, ते याच समाजाचे. १४ नोव्हेंबर १९३२ रोजी विलायतेच्या वाटेवर बोटीतून बाबासाहेबांनी अस्पृश्यता निवारणाच्या कार्यपद्धतीवर जे दीर्घ पत्र लिहिले, ते ठक्कर बाप्पांनाच.

आता आपल्या दाराशी येऊ. मुंबईत गिरगावला ठाकूरद्वार आहे. तेथे ठाकूर म्हणजे देव. त्याच मुंबईहून पुण्याच्या गाडीत बसा, कर्जत सोडून घाट चढू लागला की ठाकूरवाडी लागते. तेथे ठाकूर म्हणजे देव नव्हे आणि धनीही नव्हे. तेथे ठाकूर म्हणजे सह्याद्रीच्या कुशीत राहणारी, भात-नाचणी पिकविणारी, रानातली लाकूडफाटी विकून पोट भरणारी आदिवासी जमात. लोक त्यांना ठाकर म्हणतात. कर्जत, मुरबाड, शहापूर, इगतपुरी, अकोले या तालुक्यांत त्यांच्या वाड्या आहेत. त्यांच्यात ‘क’ ठाकूर आणि ‘म’ ठाकूर असे दोन भेद आहेत. तिकडे सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर आहेत, ते चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या यांची कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून आहेत. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण जणू त्यांच्यासाठीच झाली : नाव स्वामीचे, आणि वाट्याला दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी.

पण वकील म्हणून माझे लक्ष वेधते ते निराळ्याच गोष्टीकडे. ज्यांची जमात ठाकूर, त्यांचे आडनाव बहुधा ठाकूर नसते. त्यांची आडनावे दुसरीच असतात. मुरबाड-कर्जतकडे तर ‘पारधी’ असेही आडनाव ठाकरांत आढळते. म्हणजे जमात ठाकूर आणि आडनाव दुसऱ्याच एका जमातीचे! उलट, ज्यांचे आडनाव ठाकूर, त्यांतले पुष्कळसे या जमातीचे नसतात. उरण-पनवेलकडे आगरी ठाकूर आहेत, उत्तरेकडून आलेले रजपूत ठाकूर आहेत, आणखीही आहेत. कायद्याच्या यादीत जे ‘ठाकूर’ लिहिले आहे, ते जमातीचे नाव आहे. ते आडनाव नव्हे. एवढा एक भेद लोकांनी ध्यानात ठेवला असता, तर कित्येक दावे उभेच राहिले नसते.

झाले काय, ते थोडक्यात सांगतो. राष्ट्रपतींनी १९५० साली अनुसूचित जमातींची यादी जाहीर केली. पुढे महाराष्ट्रातील ठाकूर जमातीच्या नोंदीस ठाणे, कुलाबा, नाशिक, अहमदनगर अशा काही जिल्ह्यांतील ठराविक तालुक्यांची मर्यादा घातलेली होती. त्या तालुक्यांत राहणारा ठाकूर तेवढा आदिवासी. घाट ओलांडून पलीकडे गेला की नाही. ही मर्यादा गैर होती यात शंका नाही. पोटासाठी गाव सोडणाऱ्याची जमात तालुक्याच्या शिवेवर सुटून पडत नाही. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने ती उठविली आणि २७ जुलै १९७७ पासून तो कायदा अंमलात आला. मर्यादा उठली तशी दुसरी अडचण पुढे आली. खानदेशात आणि मराठवाड्यात ‘ठाकूर’ म्हणविणारी जी कुटुंबे होती, त्यांनीही दाखले मागितले. त्यांतले खरे कोण आणि केवळ नामसादृश्यावर स्वार झालेले कोण, हे ठरवावयाचे कसे?

तेव्हा पडताळणी समित्या जमातीच्या चालीरीती विचारू लागल्या. लग्नात काय करता, देव कोणते, मयताचे विधी कसे. याला ‘आप्तसंबंध कसोटी’ म्हणतात. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील यांच्या प्रकरणात समित्या आणि दक्षता पथके यांची घडी घालून दिली, तीत ही विचारपूस आली. २००९ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने या कसोटीवर भर दिला. परिणाम असा की, ज्या मुलाचा आजा शाळेच्या वहीत ठाकूर म्हणून नोंदलेला आहे, तो मुलगा शहरात वाढल्यामुळे लग्नविधीची उत्तरे देऊ शकला नाही, म्हणून त्याचा दावा पडावा. शिकलेला आदिवासी हा आदिवासीच नव्हे, असा याचा अर्थ होऊ लागला. अखेर २४ मार्च २०२३ रोजी, ठाकूर जमातीच्याच एका समितीने नेलेल्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी स्पष्ट केले की ही कसोटी निर्णायक नाही. आधी कागद पाहावेत, आणि कागदांनी समितीचे समाधान झाले नाही तर पुढची चौकशी करावी. घटनेपूर्वीच्या नोंदींचे वजन मोठे, हे त्याच न्यायालयाने २०११ सालीही सांगितले होते.

आपण म्हणाल, हे ठाकुरांचे झाले, आमचे काय? आपलेही तेच आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड, ज्यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. आणि काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात बाबासाहेबांचा उजवा हात ठरलेले दादासाहेब भाऊराव कृष्णाजी गायकवाड. आडनाव एकच. जाधव, पवार, शिंदे, मोरे यांचीही तीच गत. हीच आडनावे मराठ्यांत आणि हीच आपल्यांत. ‘कांबळे’ म्हटले की लोक आपलाच माणूस समजतात, पण चांभारांत कांबळे आहेत, मांगांतही आहेत. बाबासाहेबांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ, गाव आंबडवे. आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या वहीत नोंद झाली ती ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी. यादीत ‘महार’ आहे, ‘तराळ’ आहे. ‘कांबळे’ नाही आणि ‘गायकवाड’ही नाही. म्हणून आडनावावरून आपला हक्क सिद्धही होत नाही, आणि आडनावावरून तो कोणाला नाकारताही येत नाही. दोन्ही बाजू ध्यानात ठेवा.

माझ्या एका पक्षकार भगिनीला एका कचेरीत तोंडावर विचारण्यात आले की, “हे आडनाव तर मराठ्यांचे, मग तुम्ही या सवलतीला कशा?” त्या गोंधळल्या आणि घरी परतल्या. गोंधळण्याचे कारण नव्हते. आडनावाचा पुरावा मागण्याचा अधिकार त्या कारकुनाला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. जातीच्या दाखल्याचा २००० चा महाराष्ट्राचा कायदा आहे; त्याच्या आठव्या कलमाने शाबितीचा भार मागणाऱ्यावर टाकला आहे, हे खरे. पण तो भार कागदांनी उचलावयाचा असतो, आडनावाने नव्हे.

आता धर्मांतरित कुटुंबांच्या मनात येणारी शंका. “आम्ही बौद्ध झालो, मग जुन्या वहीतली जात कशाला उकरावी?” भावना मला समजते. परंतु अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशाचा तिसरा परिच्छेद आधी हिंदूंपुरता होता. १९५६ साली त्यात शीख आले, आणि बौद्धांना १९९० सालापर्यंत थांबावे लागले. राज्यापुरत्या सवलती महाराष्ट्राने १९६० साली दिल्या, पण केंद्राच्या नोकरीत आणि लोकसभेच्या राखीव जागांत आपल्या एका अख्ख्या पिढीला प्रवेश नव्हता. जो हक्क चौतीस वर्षांनी मिळाला, तो दाखल्याअभावी गमावणे परवडणारे नाही. धर्म आपण निवडला. जुनी नोंद मात्र आपल्या पूर्वजांवर जे लादले गेले त्याची साक्ष आहे. साक्षीदार जपावा लागतो, त्याच्याशी आपले जमत नसले तरी. म्हणून धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहा आणि ते ताठ मानेने लिहा. पण वडिलांच्या दाखल्यावरील मूळ जातीची नोंद खोडू नका, फाडू नका.

कित्येक तरुण आता आडनावच बदलतात. कोणी गावाचे नाव घेतो, कोणी आडनाव गाळून नुसते वडिलांचे नाव लावतो. हे करण्यास कायद्याची आडकाठी नाही, आणि मी कोणास परावृत्त करणार नाही. फक्त ते राजपत्रात प्रसिद्ध करा, त्या राजपत्राच्या प्रती जपून ठेवा, आणि शाळा सोडल्याच्या जुन्या दाखल्याशी ती प्रत जोडून ठेवा. नाही तर पंचवीस वर्षांनी आपल्याच मुलाला सिद्ध करावे लागेल की आपण त्याच्या आजोबांचे पुत्र आहात.

राहिला शोधाचा प्रश्न. अनुसूचित जातीच्या दाव्याला १० ऑगस्ट १९५० ही तारीख महत्त्वाची. त्या दिवशी किंवा त्यापूर्वी आपले कुटुंब महाराष्ट्राच्या हद्दीत राहत होते हे दाखवावे लागते. म्हणून त्यापूर्वीचा कागद पाहावा. आजोबा शाळेत गेले असतील तर शाळेची जनरल रजिस्टरची वही. ते शाळेची पायरी चढले नसतील, आणि बहुतेकांचे चढले नसतील, तर जन्म-मृत्यूचे गावदप्तर, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. तहसील कचेरीत लेखी अर्ज करून, फी भरून त्याचा नक्कल-उतारा मागावा, आणि अर्जाची पोच घ्यावी. उतारा मागताना एक चूक हटकून होते. लोक आजचे आडनाव सांगतात, कारकून ते वहीत शोधतो आणि ‘आढळ होत नाही’ असा शेरा मारून मोकळा होतो. आढळ होणार कसा? जुन्या वहीत आडनाव बहुधा नसतेच. तेथे ‘अमुक बिन तमुक’ असते, ‘वल्द’ असते, बाईच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ असते, आणि शेवटी जात असते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा भीमा कोरेगावचा स्तंभ आपण पाहिला असेल. त्यावरील आपल्या माणसांच्या नावांच्या शेवटीही ‘नाक’ आहे. म्हणून आजोबांचे, पणजोबांचे नाव आणि गाव सांगा, जन्माचे अदमासे साल सांगा, आणि म्हातारी माणसे हयात आहेत तोवर त्यांना विचारून ती नावे वहीत लिहून ठेवा. आजीचे माहेरचे गावही विचारा. पहिले बाळंतपण तेथेच झालेले असते, आणि हवी ती नोंद पुष्कळदा त्या गावच्या वहीत निघते.